मिरजगावहून ओटीत आलेला कॉम्प्युटर

काय आलं आणि केवढ्याला आलं, ते आपल्या नियमाप्रमाणे आधी मांडते.

टीव्हीला जोडायची वायर, एक, श्रीरामपूर: पंधरा रुपये.
मूळची पुस्तिका, शेवटचं पान सुटलेलं, श्रीरामपूर: दहा रुपये.
रबरी बटणांचा कॉम्प्युटर, एक, मिरजगाव: रकाना कोरा.
नारळ एक, हिरवा खण एक, गहू ओंजळभर, मिरजगाव: रकाना कोरा.
एसटी, रिक्षा, चहा, केळी, दोन्ही दिवसांचे मिळून: एकशे सहा रुपये.

कोरा का, ते पुढे येईल. कोणी त्यात आपल्या मनाने आकडा भरू नये.

आमच्या घरून या पत्रकात आजवर हे लिहायचे. जुने घरगुती कॉम्प्युटर जमवणाऱ्या तुम्हा मंडळींची ही झेरॉक्सची चार पानं टपालाने यायची, आणि हे जेवण थंड करून ती वाचायचे. कुठे काय सापडलं, खोका होता का, पेच कधी उघडलेले होते का, भाव किती. मी फक्त पाकिटांना तिकिटं लावायची आणि तिकिटांचा खर्च वहीत घ्यायची. भंगारातल्या डब्यासाठी शहाणीसुरती माणसं पोस्टाने भांडतात, याचं मला हसू यायचं.

गेल्या पावसाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं देवाच्या दयेने शाबूत आहे. डाव्या हातात पेन धरवत नाही. कागदावर अक्षरं लिहून बोट ठेवायला सांगितलं, तर दोन अक्षरांनंतर चिडून कागद भिरकावला. मग एक दिवस यांनी कपाटाकडे बोट केलं. आत सात यंत्रं होती. सहांना मान हलवून नकार, सातव्याला होकार. तेच ते रबरी बटणांचं, टीव्हीला जोडायचं, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचं. त्याची बटणं मऊ आहेत, यांच्या बोटांना न बघता सापडतात. डाव्या हाताच्या एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. 'पाणी', 'खिडकी लाव', 'दूधवाल्याचा हिशेब चुकला'. शब्द पडद्यावर उभा राहिला की चेहरा निवतो. डॉक्टर म्हणाले, सवयीचं आहे तेच राहू द्या, नवं काही शिकवू नका.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यातली पाच अक्षरं एकदम गेली. ए, एस, डी, एफ, जी. पाणी लिहायला गेले तर 'ए' उमटेना. यांनी ते बटण इतक्यांदा दाबलं की शेवटी मी हात धरला.

कॉलनीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं. बटणांखाली रेघा छापलेला एक पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो, त्याला तुम्ही मेंब्रेन म्हणता. त्याची शेपटी वाळून तडकली होती. "वहिनी, याला सोल्डरचा डाग लागत नाही," तो म्हणाला, "आणि पुन्हा उघडलं तर उरलेली अक्षरंही जातील." त्या दिवसापासून बटणाचा आवाज आला की मी पडद्याकडे धावायची. अजून कोणतं गेलं?

सभासदांच्या यादीत आपल्या जिल्ह्यात असं यंत्र दोनच ठिकाणी होतं, श्रीरामपूर आणि मिरजगाव. दोन्हीकडे कार्डं टाकली आणि उत्तराची वाट पाहत बसले. शेवटी राहवेना. उत्तर येवो न येवो, जायचं ठरवलं.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, यंत्र चालवून बघायला अडाप्टर आपला न्यावा. या यंत्राच्या पिनेत मधली तार उलटी असते. बाजारातला साधा अडाप्टर लावला की यंत्र जागच्या जागी जळतं, असं हे दर अंकात लिहायचे. आमच्याकडे अडाप्टर एकच. तो मी नेला की दिवसभर घरी यांची जीभ बंद. हे गणित मला सोडवता येईना. यांच्या डाव्या हाताशी देवघरातली घंटा ठेवली, थोरल्या नणंदेला, अक्कांना, बोलावलं आणि निघाले.

"एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की बाकीचं," अक्कांना सांगितलं.

"बाकीचं म्हणजे काय गं?"

"ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळेल."

"तो जन्मल्यापासून बघतेय मी ते तोंड," अक्का म्हणाल्या. "मला तर कधी कळलं नाही."

नगरच्या तारकपूर स्टँडवरून श्रीरामपूरची गाडी सकाळी सुटसुटीत मिळते. विळदचा घाट उतरला की राहुरीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. गाडी त्यांच्या मागे रांगते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावं. अडाप्टर रुमालात बांधून पोटाशी धरला होता. मनात सारखं एकच. आता यांना काही सांगायचं असेल, आणि घंटेत ते मावत नसेल तर?

श्रीरामपूरला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जायचं होतं. ते वारले, यंत्र त्यांच्या पत्नीकडे, मार्थाबाईंकडे. दारात नाताळचा कागदी तारा अर्धा चिकटवलेला, आतून शंकरपाळ्यांचा वास. मी नाव सांगितलं आणि बाईंचा चेहराच उतरला.

"ताई, तुमचं कार्ड काल दुपारी आलं. तो माणूस त्याच सकाळी येऊन गेला."

"कोण माणूस?"

"पुण्याचा. सुटकेस घेऊन आला होता, आत नुसता स्पंज. दोन हजार मोजले. मी म्हटलं, नातवंडांच्या शाळेच्या फीला होतील." त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमचं कार्ड चार तास आधी आलं असतं तर मी त्याला पायरीसुद्धा चढू दिली नसती हो."

मी त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांनी पाणी दिलं, शंकरपाळे पुढे केले. कपाट हलवलं तेव्हा मागे पडलेली वायर आणि पुस्तिका निघाली, त्या माणसाला ती सापडली नव्हती. मार्थाबाई पैसे घेईनात. मी म्हटलं, फुकटचं मी नेत नाही, वहीत काय लिहू? तेव्हा पंचवीस घेतले.

दारापर्यंत आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तो मिरजगावची गाडी विचारत होता."

परतीच्या प्रवासात मी बाहेर काही पाहिलं नाही. घरी आले तर हे टक लावून दाराकडे बघत होते. पिशवी चपटी पाहिली आणि भिंतीकडे वळले. अक्का म्हणाल्या, "दिवसभर घंटा वाजवलीच नाही त्याने. एकदाही नाही." ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. माझा उपास, घरी घट मांडायचा. पहाटेच घट मांडला, पूजा केली, पोथी बसमध्ये वाचायला घेतली. देवीने समजून घ्यावं. माळीवाड्याला गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि सोलापूर रस्त्याची गाडी धरली. रुईछत्तीशीनंतर झाडं विरळ होतात, रान पिवळं पडतं, वारा कोरडा. घोगरगावला गाडी चहाला थांबली, मी दोन केळी घेतली. पोथी हातात होती पण ओळ पुढे सरकेना. प्रत्येक गाडी आम्हाला ओलांडून गेली की वाटायचं, सुटकेस त्यातच आहे.

आणि तसंच होतं. मिरजगावात हमरस्त्यालाच निवृत्तीशेठचं किराणा दुकान आहे. तिथे स्टुलावर चहा पीत एक चष्म्याचा माणूस बसलेला, पायाशी रेक्झिनची सुटकेस. मी यंत्राचं नाव काढताच तो उठून उभा राहिला.

"तुम्ही नगरच्या का? मग तुमच्या यजमानांचं लिखाण मी वाचतो. आता येत नाही बरेच दिवस."

"त्यांना बरं नाही."

"अरेरे. बसा वहिनी." त्याने स्टूल मला दिलं. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे.

यंत्र समोर फळीवर होतं. तराजू आणि लक्ष्मीची तसबीर यांच्या मधोमध. निवृत्तीशेठच्या भावाने पूर्वी पुण्याहून दुकानाच्या हिशेबासाठी आणलेलं, हिशेब त्यावर कधी चढलाच नाही. पण दुकानातली चीज म्हणून दर दिवाळीला वह्या आणि तराजू यांच्याबरोबर त्याचीही पूजा. हळदीकुंकवाची बोटं एकावर एक, बटणांच्या फटीत अक्षता अडकलेल्या, कमरेला लाल नाड्याचे फेरे.

सुटकेसवाल्याने मला भाव समजावून सांगितला, जसा हे सांगायचे. "परदेशात हौशी लोक आहेत वहिनी. नुसतं यंत्र असेल तर एक भाव, कागद असतील तर दुप्पट, खोका असेल तर विचारू नका. आणि हा नाडा बघा, वर्षानुवर्षांचा. म्हणजे पेच कोणी उघडलेला नाही. मी पाच हजार सांगितले."

पाच हजार. माझ्या ब्लाउजच्या आत शिवलेल्या पिशवीत आठशे होते.

"साहेब, पाच काय, धा द्या," निवृत्तीशेठ साखर जोखता जोखता म्हणाले. "आई न्हाई म्हनती म्हंजी न्हाई. मला इचारू नका, मी हितं नोकर हाय."

आतून आवाज आला. "पुजल्याली वस्तू हाय ती. तराजू इकतो का कुनी? मग त्योच का इकावा?"

"आजी, कुंकू पुसलं की नव्यासारखा—"

वाक्य पुरं झालं नाही. पडदा सारून म्हातारी बाहेर आली. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. "पुसायची भाषा कुनाफुडं करतोस रं? गुरवार हाय, दारात सवाष्ण बसलीया!"

त्याने जीभ चावली. ज्या गोष्टीला मी महिनोन्महिने मनातसुद्धा नाव देत नव्हते, ती कोणीतरी भर दुकानात बोलून गेलं होतं.

आणि खरं सांगू? म्हातारीचं मला पटलं. मी तिच्या जागी असते तर मीही पुजलेली वस्तू विकली नसती. आता काय मागायचं, कोणत्या तोंडाने? मी पिशवी उचलली.

"रिकामी कुठं निघालीस?" आजी म्हणाल्या. "घट मांडलाय. कुंकू लावून जा. सुमन, पाट टाक गं."

सुमन म्हणजे निवृत्तीशेठची बायको. आत घटासमोर बसवून तिने मला कुंकू लावलं, दूध दिलं. आजींनी विचारलं, उपासाचं एकटी का हिंडतीस. मी सांगायला लागले आणि सगळंच सांगून टाकलं. घंटा, पाच अक्षरं, भिंतीकडे वळलेलं तोंड.

आजींनी घटापुढची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "त्या डब्यावर बोलत्यात म्हन. काय बोलत्यात?"

"पाणी. चहा. भाजीत मीठ जास्त."

"ते बी लिव्हत्यात?"

"ते आधी लिहितात."

सुमन पदरात तोंड लपवून हसली. आजीही हसल्या. मग त्यांनी बाहेर हाक मारली, "निवृत्ती, आन त्यो डबा हिकडं."

"आई, पाच हजार सांगितल्यात त्यांनी..."

"इकत कोन हाय? इकायचा न्हाईच त्यो. सवाष्णीच्या ओटीत घालाया कुनी आडवलंय का? सुमन, तू भर. माझ्या हातानं चालत न्हाई."

सुमनने खण, नारळ घातला, ओंजळीने गहू घातले. मग तो कॉम्प्युटर दोन्ही हातांनी कपाळाला लावून माझ्या पदरात ठेवला. मी पदर घट्ट धरला होता तरी वजनाने हात खाली गेले. वर बघायचं धाडस झालं नाही. मी आजींच्या पाया पडले. "अखंड सौभाग्यवती ऱ्हा," त्या म्हणाल्या. हा आशीर्वाद मी लग्नापासून ऐकत आलेय. त्या दिवशी तो ऐकताना पदराची मूठ आणखी आवळली.

निघण्याआधी चालवून बघायचं ठरलं. दुकानातला छोटा टीव्ही काढला, माझी वायर, माझा अडाप्टर. सुटकेसवाल्याने स्वतः वाकून पिना जोडल्या. बटण दाबणार, तेवढ्यात गावाची लाईट गेली. निवृत्तीशेठ म्हणाले, "आता ती रातच्याला येती. न्हाईतर न्हाई." नगरची गाडी समोर लागली होती. न चालवता, न पाहता मी तो उचलला.

पिशवीत ठेवताना पुस्तिका बाहेर डोकावली. सुटकेसवाल्याची नजर पडली. "ही श्रीरामपूरच्या यंत्राची, वर गुरुजींचं नाव आहे! वहिनी, हिच्यासकट त्याचा भाव दुप्पट होतो. द्या मला, शंभर घ्या." मी पिशवी मिटली. का मिटली ते तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं.

गाडीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवी वर टाका."

"नको. मांडीवरच राहू दे."

"बॉम्ब हाय का काय आत?" गाडी हसली. मी हसले नाही. प्रत्येक खड्ड्याला पिशवी दोन्ही हातांनी वर उचलत होते, तेवढाच हादरा कमी. आत काय सुटलं असेल, फटीतलं कुंकू खाली उतरून त्या पातळ कागदावर पसरलं असेल, दिवाळीच्या पूजेत कोणी फुलाने पाणी शिंपडलं असेल. आणि हा अडाप्टर. नव्या यंत्रात काही बिघाड असला आणि त्याने अडाप्टरही जाळला, तर जुन्यातली उरलेली अक्षरंही बंद. मग घंटा. उरलेलं सगळं आयुष्य एक घंटा. पोथीचं शेवटचं पान मी हे मनात घेऊन वाचलं, ते पावलं की नाही देव जाणे.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्कांनी पिशवीतून आधी नारळ काढला, मग खण, मग गहू. "बाजाराला गेली होतीस की बारशाला?" मग यंत्र निघालं, हळदीकुंकवाचं, नाडा बांधलेलं. त्यांनी हात जोडले. यांनी मान उचलून पाहिलं.

मी ते पुसलं नाही. नाडाही सोडला नाही, बटणांच्या आड येत नव्हता. टीव्हीला वायर जोडली. अडाप्टरची पीन आत जाताना थोडी अडली, कुंकवाचा बारीक चुरा खाली सांडला. बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना.

"अगं दाब की," अक्का म्हणाल्या, "का मुहूर्त काढू?"

दाबलं. पडदा काळा. तसाच काळा. मग पडदा पांढरा झाला आणि तळाला ती ओळ उमटली, कंपनीची, रोजची. कॅसेट लावली. प्रोग्रॅम भरतानाचं ते कर्कश किंचाळणं, ज्याने माझं डोकं उठायचं, त्या दिवशी आरतीसारखं ऐकलं. रंगीत पट्टे पळाले. प्रोग्रॅम चढला.

यांनी डावा हात पुढे केला. बोट हवेत थांबलं, तेही घाबरले होते, मला दिसलं. मग एकेक बटण. बी. एच. मग ए. ए उमटला! मी अक्कांचं मनगट धरलं. यांनी सावकाश पुरं केलं आणि हात मांडीवर ठेवला.

पडद्यावर होतं, 'भाव काय'.

यंत्र घरात आलं की यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, सगळी वर्षं. मी वही आणायला उठले आणि अर्ध्यातच थांबले. वहीत काय सांगणार? "भाव नाही," मी म्हटलं. "ओटीत आलाय." यांचा अर्धा चेहरा हसला. अर्धाच हसतो आता, पण तो पुरता हसला.

सहल करू पाहणाऱ्यांना हिशेब वर दिलाच आहे. श्रीरामपूरला जाल तर मार्थाबाईंसारख्यांकडे कार्डाची वाट न बघता जा. मिरजगावला पैशाची थैली दाखवू नका. मी संक्रांतीला वाण घेऊन तिथे जाणार आहे.

भीती मात्र घरी परत आली नाही असं नाही, माझ्याबरोबरच आली. हे मेंब्रेनही त्याच वयाचं. रोज सकाळी हे पहिलं अक्षर दाबतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं थांबवून ऐकते. कोणत्या दिवशी कोणती पाच अक्षरं जातील, सांगता येत नाही.

म्हणून ही विनंती, आणि ती मुख्यतः त्या सुटकेसवाल्या भाऊंना, कारण ते हे पत्रक वाचतात. श्रीरामपूरच्या यंत्राची पुस्तिका माझ्याकडे जपून ठेवली आहे, सुटलेलं पान चिकटवून. तिने तुमच्या यंत्राचा भाव दुप्पट होतो, असं तुम्हीच म्हणालात. ती तुम्ही न्या. शंभर रुपये नकोत. त्याबदल्यात तुमच्या भंगारात पडलेल्या एखाद्या मेलेल्या यंत्राचं न तडकलेलं मेंब्रेन द्या. इतर कोणाकडे असेल तर त्यांनीही सांगावं, किंमत ते म्हणतील ती. श्रीरामपूरला माझं कार्ड चार तास उशिरा पोचलं होतं, तेव्हा कृपा करून विचारात दिवस घालवू नका. असेल तर असेल, नसेल तर नसेल, पण उलट टपाली कळवा.